तिचा हात मी वर केला

माझी बायको जाऊन सव्वा वर्ष झालं आणि तिच्या कबरीवर अजून दगड नव्हता. गावात याची चर्चा होती आणि ती व्हायलाच पाहिजे होती, कारण आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक मयताचा दगड मीच घडवलेला. माझा धंदा पाट्या-जात्यांना टाकी लावायचा. धारूरच्या डोंगराकडनं गावोगाव फिरायचं आणि बायांचे गुळगुळीत झालेले पाटे ठोकून पुन्हा खरबरीत करून द्यायचे. घरोघर मिक्सर आले आणि तो धंदा बसला. राहिले ते कबरीचे दगड. माझी शाळा चौथीपर्यंत, पण दगडावर अक्षर चांगलं येतं.

आमच्यात कबरीच्या दगडावर वर नाव, त्याखाली जन्ममरणाची सालं आणि शेवटी दोन शब्द असतात, प्रभूत निजला. बाई असली तर निजली. हे दोन शब्द मी इतक्या वेळा कोरलेत की डोळे झाकून कोरीन. कुणासाठी कोरतोय याचा कधी विचार केला नाही. ज्यानं सख्ख्या भावाला बांधावरून कोर्टात ओढलं त्याच्यासाठीही कोरले, ज्यानं दारूपायी घर घालवलं त्याच्यासाठीही. बायकोचा दगड मात्र लिंबाखाली आडवा पडलेला. नाव झालं, सालं झाली, आणि खाली छन्नी टेकवली की हात थांबायचा. लोक विचारायचे. मी म्हणायचो, छन्नीला धार राहिली नाही. लोहार गावातच आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

खरं कारण पन्नास वर्षांमागचं आहे.

माझ्या बापानं मंडळीत नाव घातलेलं. तिचं माहेर तेलगावकडचं, घरात देवीचा टाक, मंगळवारचा उपास. लग्न झालं तरी ती तिची आणि मी माझा. त्या वेळी आमच्याकडे उपदेश करायला एक मास्तर यायचे, सायकलीवर. सुगी संपली की तीन दिवस मांडव घालून सभा घ्यायचे. बाया एकीकडे, गडी एकीकडे. शेवटच्या दिवशी मास्तर उभे राहायचे आणि म्हणायचे, देव जबरदस्ती करत नाही, मर्जी तुमची आहे, त्यानं हात पुढं केलाय, आता तुम्ही करा. ज्यानं मनात ठरवलं त्यानं हात वर करावा. मग हात मोजायचे, नावं वहीत लिहायची आणि महिनाभरानं नदीच्या डोहात बाप्तिस्मा.

त्या वर्षी बायांच्या बाजूचे हात मोजायचं काम माझ्याकडे होतं. रांगांमधून चालायचं आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा, म्हणजे मास्तरांना पुढं ऐकू जाईल. मी मोजत मोजत आलो, सतरा, अठरा, आणि पुढं ती बसलेली. मांडीवर लेकरू. हात खाली. माझ्याकडे बघत होती. मी थांबलो. पुढून मास्तर म्हणाले, "अठरा, पुढं?" मोजणाऱ्याच्याच बायकोचा हात खाली, हे समदी मंडळी बघणार. मी वाकलो, तिचं मनगट धरलं, वर केलं आणि म्हणालो, "एकोणीस." मग सोडलं आणि पुढं गेलो.

एवढंच. तिचा बाप्तिस्मा झाला. ती दर रविवारी यायची, मागच्या भिंतीला टेकून बसायची, गाणं आलं तर म्हणायची. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. ती तोंडाची कच्ची नव्हती, विचारलं असतं तर फाडकन सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

आता मास्तरांच्या हिशेबानं बघितलं तर तिनं काही ठरवलंच नव्हतं. ठरवलं ते मी. मग ती प्रभूत निजली हे मी कोणत्या तोंडानं कोरायचं? आणि नाही कोरायचं तर ती गेली कुठं? हेच मला खात होतं. जेवताना, चालताना, तिच्या साडीची घडी ट्रंकेत ठेवताना, हेच.

त्यात चर्चला नवे पाळक आले. पुण्याकडं शिकलेलं पोरगं, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचं. पहिले दोन महिने बरं चाललं. मग त्यानं रविवारी एकच विषय धरला, माणसाची मर्जी मोकळी नाही. म्हणाला, आपण देवाला निवडत नाही, तो आपल्याला निवडतो, आणि तेही डोंगर-नद्या व्हायच्या आधीच. माणूस पापात मेलेला आहे, आणि मेलेला माणूस औषधाची बाटली उघडत नाही. देव जर माणसाच्या होकाराची वाट बघत दारात ताटकळत असेल, तर तो देव कसला, तो भाकर मागणारा झाला. मग कुंभार आणि मडक्याचं सांगितलं. मडकं कुंभाराला विचारत नाही, मला असं का केलंस.

उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालताना माझा दोस्त, एसटीतनं निवृत्त झालेला कंडक्टर, मला म्हणाला, "काय बे, ऐकलंस का? म्हणतो आपण काय ठरवलंच न्हाई."

मी म्हणालो, "ऐकलं."

"मंग चाळीस वर्सं मी हितं कावून बसलो? माझं तिकीट कुणी फाडलं?"

"त्यो म्हणतो, तिकीट वरूनच फाडून आलतं. तू नुस्ता बसलास."

"आन् ज्याला तिकीट न्हाई त्यानं काय करायचं? वाटंत उतरायचं?"

त्यावर मला हसू आलं नाही. माझा प्रश्न तोच होता.

एक दिवस सकाळी पाळक माझ्या अंगणात आले. दगडाविषयी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. खाटेवर बसायला सांगितलं तर खाली ओट्यावर बसले. दगडाकडे बघत म्हणाले, "अर्धाच राहिलाय, आजोबा."

"ऱ्हायला."

"काही अडचण आहे का?"

"अडचण तुमीच आणली," मी म्हणालो. "आमचे मास्तर म्हणायचे, समदं मर्जीवर हाय. तुमी म्हणता मर्जीवर कायबी न्हाई. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. ते वारले, तुमी जिते हाय, म्हणून तुमाला इचारतो."

"मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांचं चुकत होतं."

"लई हुशार तुमी."

पोरगं चिडलं नाही. मला वाटतं चिडलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणालं, "आजोबा, तुम्हाला कारलं आवडतं का?"

"न्हाई."

"आत्ता ठरवा, मला कारलं आवडतं."

"असं कुठं असतं व्हय? खा म्हणलं तर खाईन. आवडंल कसं?"

"झालं तर. खाणं तुमच्या हातात आहे, आवडणं नाही. आणि माणूस शेवटी जातो आवडीमागंच. मर्जी मोकळी आहे म्हणतात, पण तिला ज्याची ओढ, त्याच खुंट्याला ती बांधलेली. देवाची ओढ माणूस आपल्या मनात आपणच घालू शकत नाही. ती देवानंच घालावी लागते. मग ठरवा, ठरवा म्हणून ओरडून काय होणार?"

यावर मला बायकोची मिसरी आठवली. ती मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर भाजून, काळी पूड करून, बोटानं दाताला. मास्तरांना ते खपत नसे. निर्धार करा, म्हणायचे, माणसानं मनात आणलं तर काय होत नाही. ती दर नव्या वर्षाला निर्धार करायची आणि दुपार व्हायच्या आत घरामागं काळं बोट घेऊन उभी. मी एकदा लई बोललो. म्हणालो, मनापासून ठरवतच न्हाईस तू. तर म्हणाली, "मन माझ्या हातात असतं तर काय पायजे व्हतं? तुमच्या हातात हाय का तुमचं? मंग तिखट कमी पडलं की ताट कावून ढकलता?" मी गप्प बसलो होतो. तसाच पाळकापुढंही गप्प बसलो. पण गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे.

मी म्हणालो, "मडक्याचं सांगता. माती मऊ असती. माझं काम दगडाचं. दगडाला आतून नस असती, वरून दिसत न्हाई. किती बी जपून ठोका, नस आली की दगड त्याच्या मर्जीनं फुटतो."

"ती नस दगडानं स्वतः घातली का?"

"न्हाई."

"मग मर्जी कसली?"

"मंग फुटल्यावर दगडाला फेकून कावून देता?" मी ओरडलोच. "नस घालणारा येगळा आन् उकिरड्यावर जाणार दगड!"

पाळक म्हणाले, "हा प्रश्न फार जुना आहे, आजोबा. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. पण तुम्ही दगडासाठी भांडत नाही."

तेव्हा मी त्यांना हाताचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. अठरा, एकोणीस, समदं.

त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवानं तुमचा हात वापरला असेल. त्याला माणसाला आणायचं असलं की तो कुणाच्या तरी हातानंच आणतो."

माझा तर भडकाच उडाला. मी म्हणालो, "ह्याच हातानं मी तिला एकदा मारलंय. भाकर करपली म्हणून. कानाखाली. त्यो बी देवाचाच हात का?"

"नाही. ते तुमच्या मनातून आलं. तुम्हाला कुणी ढकललं नव्हतं, तुम्हाला मारावं वाटलं आणि तुम्ही मारलंत. त्याचा दोष तुमचा."

"म्हणजे चांगलं झालं तर त्याचं आन् वाईट झालं तर माझं?"

"हो," पोरगं म्हणालं. सरळ, न लाजता.

"आसं जर आमच्या गावात एखाद्या सरपंचानं म्हणलं तर लोक जोड्यानं मारतील."

त्यावर ते हसले, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "बरं, तुमचंच खरं. मंग एवढंच सांगा. तिला निवडलं व्हतं का न्हाई?"

"ते मला सांगता येणार नाही."

"जग व्हायच्या आधी काय झालं ते तुमाला ठाऊक, आन् ह्या गावातल्या एका बाईचं ठाऊक न्हाई?"

"नाही ठाऊक. पण एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही म्हणता, हात धरला नसता तर ती देवाला मुकली असती. आणि धरला म्हणून तिचं खरं नाही. दोन्हीकडून तुम्हीच मधे उभे. तिचं सगळं तुमच्या हातात होतं, एवढे मोठे होतात का तुम्ही?"

मी म्हणालो, "निघा आता." चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

आठ दिवस मी कुणाशी बोललो नाही. लेकीचा फोन आला, म्हणाली, "आबा, बरं न्हाई का?" मी म्हणालो, बरं हाय. बरं काही नव्हतं. मास्तरांच्या शिकवणीत निदान माणसाला किंमत होती. हो म्हणलं तर हो, नाही म्हणलं तर नाही. पण तिच्यापुरता त्या शिकवणीत माझ्यामुळं घोळ झालेला. आणि या पोराच्या शिकवणीत तिला जागा असेल कदाचित, पण ती आहे का हे विचारायला खिडकीच नाही. आणि वर मला म्हणे एवढे मोठे होतात का. मी तिचा नवरा होतो. घरातलं कोणतं काम तिच्या मर्जीनं झालं ते आठवायचा प्रयत्न केला, तर लुगड्याचा रंगसुद्धा मीच ठरवायचो.

पुढच्या रविवारी गाणी झाली आणि साक्षीची वेळ आली. आमच्यात ज्याला काही सांगायचं तो उभा राहतो. बहुतेक वेळा ताप उतरला, पोराला नोकरी लागली, असं असतं. मी उभा राहिलो. माझं काही ठरलेलं नव्हतं. म्हणालो, "माझ्या बायकोचं नाव वहीत एकोणीस नंबरला हाय. त्यो हात तिनं वर केला नव्हता. मी धरून केलता. ती बोलली न्हाई. म्हणून दगड ऱ्हायलाय. आता तुमी समद्यांनी सांगा मी काय कोरू."

मग बायांच्या बाजूनं, जिच्या हातानं अर्ध्या गावाची बाळंतपणं झाली ती म्हातारी दाई म्हणाली, "एवढंच व्हय? माझा तर सासूनं केलता. नुस्ता केला न्हाई, चिमटा काढून केलता."

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी एक म्हणाली, "माझा माझ्या बापानं. मला तर वाटलं लस टोचणार हायती."

आता सगळेच हसायला लागले. कंडक्टर छाती काढून म्हणाला, "माझा न्हाई बा कुणी केला. माझा मीच केलता."

तर त्याची बायको पलीकडून ओरडली, "खोटं कावून बोलता? त्या दिशी बुंदी व्हती! हात वर करणाऱ्यांची पंगत पैली बसणार व्हती!"

कंडक्टर म्हणाला, "मंग बुंदी बी वरूनच धाडलेली असंल की!"

लोक पोट धरून हसले. पाळकसुद्धा हसत होते, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं, याला पुढच्या रविवारचा उपदेश मिळाला. माझ्या अंगाची आग झाली. मी काय त्यांना उदाहरण पुरवायला उभा राहिलो होतो? साऱ्या गावाचे हात कुणी ना कुणी धरून वर केलेले निघाले म्हणून तिचं काय झालं ते थोडंच कळलं! मी खाली बसलो. मान वर केली नाही.

बाहेर आलो तर दाई चपला शोधत होती. मला म्हणाली, "रागावलास व्हय रं?"

"न्हाई."

"त्या दिशी मी तिच्या बाजूलाच व्हते. तू मनगट सोडून पुढं गेलास."

"गेलो. म्होरली रांग व्हती."

"मागं वळून बघितलं न्हाईस."

"न्हाई."

"तिचा हात वरच व्हता की. तू सोडला, पर तिनं खाली घेतला न्हाई. तुझं म्होरं पंचवीस, तीस चाललं व्हतं. लेकरू रडाया लागलं तवा घेतला."

मी तिथंच उभा राहिलो. म्हणालो, "मंग? तिच्या मनानं ठिवला का माझ्या भ्यानं?"

"मला काय ठाऊक?"

"काय बोलली का?"

"न्हाई बोलली."

"तोंड कसं व्हतं?"

"आता पन्नास वर्सांमागचं तोंड मी कुठून आणू? तिच्या काळजात का मी शिरले व्हते? तू नवरा. तुला ठाऊक पायजे." आणि चपला घालून गेली.

घरी आलो. जेवलो नाही. दाईनं मला काय दिलं आणि काय काढून घेतलं, हेच कळेना. हात वर होता. मर्जीनं होता, भीतीनं होता, की लेकरामुळं विसरून राहिला होता? आणि पाळकाला विचारलं असतं तर म्हणाला असता, देवानं धरून ठेवला. ज्याला त्याला त्याचंच दिसतं. ज्या एका माणसाला विचारायचं तिला मी पन्नास वर्षं विचारलं नाही. विचारायची मर्जी माझी होती. त्या मर्जीला कुणी अडवलं नव्हतं. हे मी पाळकाच्या तोंडावर बोललो असतो तर तो म्हणाला असता, बघा, विचारावं वाटलंच नाही तुम्हाला. आणि तेही खरं आहे.

दगडापाशी बसलो. नाव होतं, सालं होती, खाली मोकळी जागा. सव्वा वर्ष मला वाटत होतं की मोकळी ठेवली म्हणजे मी खोटं बोललो नाही. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की मोकळी जागाही मीच ठेवलीय. शेजारी समद्यांच्या दगडावर दोन शब्द असणार, चिमट्यानं हात वर केलेल्यांच्या, बुंदीसाठी केलेल्यांच्या, आणि एकट्या हिच्या दगडावर नाहीत, म्हणजे ही त्यांच्यात नाही. जिवंतपणी तिच्या वतीनं सगळं मी ठरवलं, आता ती तिकडं आहे की नाही हेही मीच ठरवायला निघालो होतो. पाळक तेवढं बरोबर बोलला होता. तेवढंच. बाकी त्याचं मला आजही पटलेलं नाही.

खडूनं रेघा मारल्या, अक्षरं आखली आणि कोरायला बसलो. रागातच कोरलं. रागात कोरलं की अक्षर खोल जातं. 'जली'पाशी एक कपची उडून भुवईला लागली, रक्त आलं, तसाच बसलो. संध्याकाळपर्यंत झालं.

बसवायला दोघं-तिघं गडी आणि कंडक्टर आले. पाळकही आले. दगड उभा केला, सरळ आहे का बघितलं. पाळक म्हणाले, "प्रार्थना तुम्ही करता का, आजोबा?"

मी म्हणालो, "तुमीच करा. मला जे बोलायचंय ते प्रार्थनेत बसत न्हाई."

त्यांनी केली. छोटीच केली. कोणाला निवडलं, कोणाला नाही, त्यातलं काही आणलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी मिटले नाहीत. मी तिला विचारत होतो, हात वरच कावून ठिवला होतास? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. आमेन झालं. कंडक्टर म्हणाला, "चल बे, दगड हलतोय अजून." मी पहार घेतली आणि बुडाशी माती दाबायला लागलो.